परतीचं तिकीट काम बघून

आमच्या थोरल्या वहिनींनी कुणावर पटकन विश्वास ठेवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. दादाचं स्थळ सांगून आलं तेव्हा त्यांनी त्याच्या ऑफिसात एक चक्कर मारली होती, आपण कोण ते न सांगता, आणि शिपायाला विचारलं होतं की हा माणूस स्वतःच्या चहाचे पैसे देतो की दुसऱ्याच्या नावावर ढकलतो. देतो, असं कळल्यावर मग होकार गेला. दादाला हे लग्नानंतर समजलं. तो हसला खरा, पण त्याला ते थोडं लागलं असावं असं मला अजून वाटतं.

वहिनी वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. दुकानांतले काटे तपासायचे, बरोबर असेल त्यावर खात्याचा शिक्का मारायचा, नसेल तो उचलून न्यायचा. प्रत्येक दुकानात त्या दोनदा जायच्या. एकदा पिशवी घेऊन गिऱ्हाईक म्हणून, एकदा ओळखपत्र दाखवून साहेब म्हणून. "दोन्ही वेळा किलो तेवढाच भरला तर माणूस खरा," हे त्यांचं शास्त्र. निवृत्त झाल्यावर तपासायला काटे उरले नाहीत, तेव्हा त्या माणसं तपासायला लागल्या. दूधवाला झाला, लिफ्टवाला झाला, सोसायटीचा सेक्रेटरी झाला. सेक्रेटरी खरोखरच खात होता असं पुढे निघालं. लिफ्टवाला मात्र निर्दोष निघाला, आणि तेव्हापासून आमच्या मजल्यावर लिफ्ट नीट थांबेनाशी झाली.

म्हणजे त्यांचं नेहमी बरोबरच येतं असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर लोकांना वाटेल मी वहिनींची आरती ओवाळायला बसलोय.

आता माझं. पोटासाठी मी एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. उरलेला वेळ एका प्रोग्रामला देतो, ज्याचा मला छदाम मिळत नाही. छोट्या दवाखान्यांत रक्त तपासायची यंत्रं असतात. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची तऱ्हा वेगळी. आमचा प्रोग्राम त्या यंत्रांकडून आकडे घेतो आणि पेशंटच्या नावानिशी कागदावर छापून देतो. तो कुणीही फुकट घ्यावा, कुणीही आत डोकावून बघावा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी, असा सगळा खुला मामला. मास्तरांनी तो सुरू केला. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. पुढे आम्ही सातआठ जण वेगवेगळ्या गावांतून जमलो. जमलो म्हणजे पडद्यावर. इतकी वर्षं एकमेकांना टोपणनावांनीच ओळखायचो, आणि मास्तर सोडले तर कुणी कुणाचा चेहरा पाहिलेला नव्हता.

"घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजतो हा," असं दादा म्हणतो. वहिनींना तेवढ्यावर समाधान नव्हतं.

"फुकट कोण राबतं, भाऊजी? मागच्या दाराने काय मिळतं ते सांगा."

"काही नाही मिळत."

"मग तुम्ही तरी खोटं बोलताय, नाहीतर तुम्हाला तरी कुणी फसवतंय."

अशा या बाईच्या हातात आमच्या प्रवासखर्चाची सूत्रं कशी गेली? तर आमच्यासारख्या लोकांनी कधीतरी एका खोलीत समोरासमोर बसावं म्हणून तिकिटाचे आणि राहण्याचे पैसे देणारी एक संस्था आहे. मास्तरांनी तिच्याकडे अर्ज केला आणि तो मंजूर झाला. अट एकच होती. व्यवहार बघायला प्रोग्राम न लिहिणारं, बाहेरचं माणूस हवं. मागे कुठल्याशा गटातला एक जण तिकीट घेऊन निघाला तो बैठकीला न जाता थेट समुद्रकिनारी जाऊन लोळत पडला होता म्हणे. दुधाने तोंड पोळलेली संस्था आता ताकही फुंकून पीत होती.

"हिला घे," दादा म्हणाला. "तुमचं काम होईल आणि मला चार दिवस शांतता."

वहिनींनी सगळ्यात आधी त्या संस्थेलाच संशयाच्या पिंजऱ्यात उभं केलं. ओळख ना पाळख, परक्यांची तिकिटं काढणारे हे उपटसुंभ कोण? त्यांनी संस्थेत दोनदा फोन केला. एकदा भाबडी म्हातारी होऊन, एकदा स्वतःच्या नावाने. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं तेव्हा त्यांनी काम पत्करलं आणि लगेच नियम जाहीर केला. रोख कुणाच्या हातात पडणार नाही. तिकीट मी काढणार. आणि तेही फक्त येण्याचं. परतीचं तिकीट काम बघून.

मी लाजेने अर्धा झालो. कुरकुऱ्याचा तर भडकाच उडाला. हा आमच्यातला जुना गडी, धंद्याने छपाईयंत्रांचा दुरुस्तीवाला, आणि नाव त्याने स्वतःच घेतलेलं. त्याने वहिनींना फोन लावला.

"बाई, आम्ही काय गुरं आहोत, बाजारात आणून बांधून ठेवायला? परतीचं तिकीट नाही म्हणजे काय? ओलीस धरताय?"

मग भांडता भांडता त्याने त्याच्या अटीही ऐकवल्या. सीट गाडीच्या तोंडाच्या दिशेने हवी, संडासाजवळ नको, पंख्याखाली नको, आणि राहायच्या जागी उशी कापसाची हवी. वहिनींनीही चार सुनावल्या. बऱ्याच वेळाने फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"हा माणूस खरा आहे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी 'शेजारी' असं टोपणनाव घेतलेल्या आमच्यातल्या एकाला फोन केला.

शेजारीबद्दल नीट सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्याच्यावरूनच आहे. तो तीनचार वर्षांपूर्वी आमच्यात आला आणि बघता बघता त्याच्यावाचून आमचं पान हलेना. जी कामं करायचा आम्हा सगळ्यांना कंटाळा, ती तो करायचा. नवख्यांच्या त्याच त्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, माहितीपुस्तिका लिहायची, दुसऱ्याचं निस्तरायचं. कुरकुऱ्या त्याला वाट्टेल ते बोलायचा, तरी हा "तुमचं बरोबर आहे, पुन्हा बघतो" एवढंच म्हणायचा. मास्तरांचा तर त्याच्यावर जीव जडला होता. आणि या बैठकीत मास्तर त्याला शिक्का देणार होते.

हा शिक्का म्हणजे बोटाएवढं एक यंत्र. मास्तर ते दोरीत ओवून गळ्यात घालतात. प्रोग्रामची नवी आवृत्ती निघाली की त्या यंत्राने तिच्यावर खूण उमटते, आणि ती खूण दिसली की शेकडो दवाखान्यांतले कॉम्प्युटर ती आवृत्ती डोळे मिटून आत घेतात. आत काय आहे, ते कुणी बघत नाही. थोडक्यात, शिक्का ज्याच्या हातात, त्याला एवढ्या सगळ्या दवाखान्यांची दारं उघडी. पेशंटांची नावं त्याची, आजार त्याचे, छापले जाणारे आकडेही त्याचेच. मास्तरांची नजर चालली होती. ऑपरेशनने सुधारेल असं ते दुखणं नव्हतं. पूर्ण अंधार व्हायच्या आत त्यांना शिक्का चांगल्या हाती द्यायचा होता.

तर वहिनींनी शेजारीला विचारलं, "गाडी पहाटेची काढू की दुपारची?"

"कुठलीही चालेल."

"खिडकी हवी का?"

"तुम्हाला सोयीचं पडेल ते."

"परतीचं तिकीट आत्ता नाही मिळणार बरं का."

"काहीच हरकत नाही."

वहिनींनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, हा काटा हलत नाही."

"म्हणजे?"

"चांगला काटा आधी थरथरतो, इकडे जातो, तिकडे जातो, मग थांबतो. जो ठेवल्या ठेवल्या गप्प उभा राहतो ना, त्याला खालून काहीतरी लावलेलं असतं. ज्याला कधी रागच येत नाही, त्याला त्या कामाचं काही पडलेलं नसतं."

मी म्हटलं, "वहिनी, लिफ्टवाल्याबद्दलही तुम्ही असंच म्हणाला होतात."

माझा चहा त्या दिवशी बिनसाखरेचा आला.

बैठकीसाठी नर्सिंगच्या शाळेचं वसतिगृह मिळालं. सुट्टीमुळे रिकामं होतं. वर लोखंडी खाटांच्या खोल्या, मधल्या मजल्यावर शिकवायची लांबलचक खोली, आणि तिच्या कोपऱ्यात पलंगावर सरावाचा रबरी पेशंट गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडलेला. तळमजल्यावर दवाखाना होता, आणि तिथे खरंखुरं रक्त तपासायचं यंत्र, ज्याच्यावर आमचा प्रोग्राम चालत होता.

शेजारी तरुण असेल असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. आला तो चाळिशी उलटलेला, केस विरळ झालेला माणूस. बॅग कोरी करकरीत, बूटही तसेच. आल्या आल्या त्याने कुरकुऱ्याच्या हातावर घशाच्या गोळ्यांची डबी ठेवली. कधीकाळी कुरकुऱ्याने लिहिलं होतं की त्याच्या गावात त्या मिळत नाहीत. कुरकुऱ्या विरघळला. मास्तरांनी शेजारीचा हात दोन्ही हातांत धरला तो सोडेचनात. चेहरा दिसत नव्हता म्हणून त्यांनी त्याच्या खांद्यावरून, बाहीवरून हात फिरवला. मलाही भरून आलं.

वहिनींनी मला बाजूला घेतलं. "इतकं जुनं बोलणं कुणाच्या लक्षात राहतं, भाऊजी?"

"प्रेम असलं की राहतं."

"किंवा लिहून ठेवलं की राहतं."

मला त्यांचा संताप आला. पण शंकेची पाल एकदा चुकचुकली की कान तिकडेच लागतात. तेव्हापासून मीही नको नको म्हणताना शेजारीकडे बघायला लागलो, आणि बघणाऱ्याला काय, सगळंच दिसतं. तो कधी घरी फोन करत नाही. घरी कोण असतं विचारलं तर "कुणी नाही" म्हणतो आणि लगेच आपल्यालाच आपल्या मुलांचं विचारतो. ताटात पडेल ते खातो. आपण हसलो की हसतो, पण क्षणभर उशिरा.

वहिनींनी तर त्याला मुद्दाम मोडक्या स्प्रिंगची खाट दिली, आणि तीही कुरकुऱ्याच्या खाटेला लागून. कुरकुऱ्या घोरायला लागला की खिडकीची तावदानं वाजतात. सकाळी त्या चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"झोप लागली का?"

"छान लागली."

"खोटं बोलतोय," वहिनी मला म्हणाल्या. "त्या खाटेवर मी स्वतः पडून बघितलंय. अजून कंबर धरलीय माझी. गोगलगाय न् पोटात पाय."

त्याच दिवशी त्यांना आणखी काहीतरी सापडलं. शेजारी जिन्यात उभा राहून फोनवर बोलत होता आणि वहिनी वरच्या पायरीवर चपलेचा पट्टा लावत बसल्या होत्या. पट्टा लावायला त्यांना किती वेळ लागावा याला काही सुमार नव्हता. शेजारीचे तीनच शब्द त्यांच्या कानांवर पडले. "अजून नाही. उद्या."

"बायको असेल," मी म्हटलं.

"बायकोशी कुणी इतकं कमी बोलत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमचा दादा सोडून."

दुपारी आम्ही दवाखान्यात खाली उतरलो. चालू यंत्रावर आपलं काम प्रत्यक्ष बघायची ही आम्हा सगळ्यांचीच पहिली वेळ. एक आजोबा तपासणीचा कागद घेऊन बाकावर बसले होते. त्यांनी तो नाकापासून हातभर लांब धरला आणि खूश होऊन शेजारीलाच म्हणाले, "हे मोठ्या अक्षरांत केव्हापासून छापायला लागले हो? आधी मुंग्या असायच्या नुसत्या. नातीला वाचायला लावायचो. आता माझं मी वाचतो."

तो मोठ्या अक्षरांचा भाग शेजारीने लिहिलेला होता. मी तसं आजोबांना सांगणार होतो, पण शेजारीचे कान लाल झालेले दिसले म्हणून थांबलो.

"आकडा बरोबर असतो ना पण?" आजोबांनी विचारलं. "माझ्या गोळ्या ह्याच्यावर ठरतात."

"असतो, आजोबा," शेजारी म्हणाला. "बरोबर असतो."

मग त्याने तंत्रज्ञ बाईंना विनवून तीच तपासणी पुन्हा लावली आणि दुसरा कागद बाहेर येईपर्यंत तिथून हलला नाही. दोन्ही कागद जुळले. त्या रात्री तो जेवायला आला नाही. भूक नाही, असं सांगून पाठवलं.

"पहिल्यांदाच काहीतरी नको म्हणाला," वहिनी म्हणाल्या. एवढं बोलून त्या विचारात पडल्या.

तरीही त्या मास्तरांकडे गेल्याच. मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. त्यांनी मास्तरांना खाट, फोन, गोळ्या, बूट सगळं सांगितलं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, मी जन्मभर परीक्षेच्या वर्गात पहारा दिला. कॉपी करणारा मला कधी सापडला नाही. ओरडलो ते न करणाऱ्यांवरच. आता तर दिसतही नाही."

"मग एवढी घाई कशासाठी?"

"घाई नाही, भीती आहे." त्यांनी गळ्यातली दोरी चाचपली. "मागच्या वेळी काही ओळी मला वाचताच आल्या नाहीत. तरी मी शिक्का मारला. लोक वाट बघत होते म्हणून. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

वहिनींचा चेहरा मी बघितला. न तपासता शिक्का, ही त्यांच्या खात्यातली सगळ्यात मोठी चोरी. एरवी त्यांनी माणसाला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी मात्र त्यांनी मास्तरांच्या पायाशी पडलेली शाल उचलून त्यांच्या गुडघ्यांवर टाकली आणि आम्ही बाहेर आलो. शिक्का मास्तरांकडे ठेवणं धोक्याचं, आणि वहिनी म्हणतात ते खरं असेल तर देणं त्याहून धोक्याचं.

शेवटच्या दिवशी सकाळी सगळे लांब टेबलाभोवती बसलो. मास्तरांनी दोन शब्द बोलून गळ्यातली दोरी काढली. वहिनी दाराजवळच्या खुर्चीत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"माझा विरोध आहे."

"बाई, तुमचं काम तिकिटांचं," कुरकुऱ्या कडाडला. "तीन दिवस बघतोय, त्या भल्या माणसाच्या मागे हात धुऊन लागलाय तुम्ही. त्याने एका शब्दाने तक्रार केली का?"

"तेच तर म्हणतेय मी."

"वहिनी, बसा ना," मीही म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीत बसल्या.

मास्तरांनी शिक्का धरलेला हात पुढे केला. शेजारी नेमका कुठे बसलाय ते त्यांना दिसत नव्हतं, त्यामुळे तो हात जरा भलतीकडेच, रबरी पेशंटच्या दिशेने गेला. कुणीतरी हसलं. शेजारी हसला नाही. त्याचे हात मांड्यांवर होते आणि ते तो उचलत नव्हता.

"घे बाबा," मास्तर म्हणाले. "माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"का?" शेजारी म्हणाला.

इतक्या हळू बोलला की मास्तरांनी कान पुढे केला. मग तो उठला, खुर्ची मागे पडली, आणि त्या माणसाचा चढलेला आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला.

"का आहे विश्वास? मी कोण, कुठे राहतो, काय करतो, कुणी विचारलं का? एवढ्या वर्षांत एकाने तरी? या बाई घसा फोडून सांगताहेत, तर तुम्ही त्यांनाच गप्प बसवताय! ते आजोबा माझ्याकडे बघून विचारत होते, आकडा बरोबर असतो ना. माझ्याकडे बघून! आणि तुम्ही ते सगळं उचलून माझ्या हातात देताय? अक्कल आहे की नाही तुम्हाला?"

कुरकुऱ्या तोंड उघडं ठेवून बघत होता.

"मला या कामाचा पगार मिळतो," शेजारी म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

आमच्या खोलीत याहून वाईट शब्द उच्चारला गेला नसता. मग त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एक ऑफिस आहे. तिथे त्याच्यासारखे रांगेने बसतात. प्रत्येकाला एक टोपणनाव आणि एक प्रोग्राम नेमून दिलेला. कुणाला काय आवडतं, कुणाचं काय दुखतं, ते टिपून ठेवायचं. भांडायचं नाही, मागायचं नाही, थकायचं नाही. एक दिवस लोक आपण होऊन शिक्का देतात. तो वरच्यांकडे सोपवला की पुढची आवृत्ती ते पाठवणार, हा दुसऱ्या कामाला लागणार.

"चांगलं वागणं, एवढंच माझं काम होतं," तो म्हणाला.

मला वाटलं, आता कुरकुऱ्या त्याच्या अंगावर जाणार. तो उठलाही. घशाच्या गोळ्यांची डबी त्याच्या मुठीत होती, ती त्याने टेबलावर आपटली.

"ते मोठ्या अक्षरांचं. ते करायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही."

"मग का केलंस?"

"माझी आई कागद लांब धरायची," शेजारी एवढंच म्हणाला, आणि त्याचे हात जे थरथरायला लागले ते थांबेनात. त्याने ते टेबलाच्या कडेवर दाबून धरले.

मी वहिनींकडे बघितलं. मला वाटलं होतं, आता त्या 'बघा, मी म्हणत नव्हते' म्हणणार. त्यांचा हक्कच होता. पण त्या त्याच्या हातांकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगायचं तर त्यांचं जिंकणं त्यांना गोड लागलं नव्हतं.

पुढचे काही तास फार वाईट गेले. मास्तरांनी दोरी पुन्हा गळ्यात घातली तेव्हा ते एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसले. त्यांनीही मग, सगळ्यांसमोर, न वाचता मारलेल्या शिक्क्याचं सांगून टाकलं. शेजारी म्हणाला, मी आजवर पाठवलेली ओळ न् ओळ तपासा, माझ्या शब्दावर जाऊ नका. ऑफिसचा पत्ता, वरच्यांची माहिती, जे होतं ते त्याने सांगितलं आणि पाहिजे त्याला कळवा म्हणाला. आमचं ठरलं की यापुढे कुणी एकटा शिक्का मारणार नाही. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पुन्हा वाचायचं, आणि दोघे एका खोलीत समोरासमोर असल्याशिवाय खूण उमटणार नाही. त्यासाठी प्रवासाचे पैसे पुन्हा मागावे लागणार होते. वहिनी म्हणाल्या, मागू.

दुपारी त्या दाराजवळच्या खुर्चीत फोन घेऊन बसल्या आणि एकेकाचं परतीचं तिकीट काढायला लागल्या. कुरकुऱ्याने पुन्हा सगळ्या अटी ऐकवल्या. वहिनींनी पुन्हा चार सुनावल्या आणि सगळ्या अटी पाळल्या. मास्तरांसाठी त्यांनी दाराजवळची सीट घेतली. शेवटी शेजारी राहिला. तो खिडकीशी पाठमोरा उभा होता, बॅग पायाशी.

"इकडे या," वहिनी म्हणाल्या.

"माझं राहू द्या. मी बघतो माझं."

"काम बघून तिकीट, असा नियम आहे. काम बघितलं मी. कुठलं काढू?"

त्याने ऑफिस होतं त्या शहराचं नाव सांगितलं. वहिनींचं बोट हललं नाही.

"मी विचारलं, कुठलं काढू?"

तो वळून त्यांच्या खुर्चीजवळ आला. परतीचं तिकीट आधीच खिशात असतं तर तिथून आलेला माणूस सरळ तिथेच परत गेला असता, दुसरं काही त्याच्या मनातच आलं नसतं. आता त्या फोनवर जागा कोरी होती, आणि एक संशयी बाई तिथे काय लिहू म्हणून विचारत होती.

"माझी एक बहीण आहे," तो म्हणाला. "लांब आहे पण. तिला फोन केलेला नाही बरीच वर्षं."

"तो नंतर करा. गाव सांगा."

त्याने सांगितलं. वहिनींनी टाइप केलं. "पहाटेची आहे आणि दुपारची आहे."

"कुठलीही..." तो म्हणाला, आणि थांबला. "दुपारची. पहाटे उठवत नाही मला."

"बरं."

"आणि त्या खाटेवर पाठ मोडलीय माझी," तो म्हणाला. "खिडकीची मिळाली तर बघा."

वहिनींनी पदराने चष्मा पुसला आणि खिडकी शोधायला लागल्या.